घरांतील यंत्रें : मोटारीच्या दिव्यांचें बटण

गेल्या अंकांत शिवणयंत्राविषयीं लिहिलें होतें. त्या यंत्रांत दोष आला तर फार तर चार टांके चुकतात, आणि तीं उसवून पुन्हां घालतां येतात. आज ज्या वस्तूविषयीं लिहावयाचें आहे तिच्या दोषानें झालेलें नुकसान उसवून पुन्हां घालतां येत नाहीं. वस्तु आगपेटीएवढी, काम म्हणाल तर दोन धातूंचे तुकडे एकमेकांस टेकविणें आणि दूर करणें, इतकेंच. मोटारीच्या पुढील दिव्यांचें बटण तें हें. मिस्त्री लोक यास ‘स्विच’ म्हणतात. आपण घरांतलाच शब्द वापरूं.

आमच्या घरीं १९७८ सालची अँबेसिडर आहे. विलायतेंतील मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या तिसऱ्या मालिकेवरून ही मोटार उत्तरपाड्याच्या कारखान्यांत १९५८ च्या सुमारास तयार होऊं लागली आणि २०१४ सालीं ती निघावयाची बंद झाली. आमची गाडी माझ्या पुतण्याहून वयानें वडील आहे. घरीं नवी मोटारही आहे, परंतु एकत्र कुटुंबांत लग्नमुंजीच्या वेळीं माणसें अधिक आणि जागा थोडी असा प्रकार असतो. तेव्हां जुनीला बाहेर काढावें लागतें.

गेल्या वैशाखांत चिपळुणास आप्तांकडे मुंज होती. ती आटोपून कऱ्हाडास परतावयास रात्र झाली. कृष्ण पक्ष असल्यामुळें चंद्र उगवावयास अवकाश होता. पुतण्या गाडी चालवीत होता, मी त्याच्या शेजारीं, मागें वहिनी आणि तीन नातवंडें. शिरगांव मागें पडलें, कुंभार्ली घाटाची चढण लागली. दहाबारा मिनिटें गेलीं असतील. एका वळणाच्या तोंडाशीं पुढचे दोन्ही दिवे एकदम गेले.

अंधार म्हणजे काय, तें त्या क्षणीं कळलें. रस्ता, कठडा, झाडें, दरी, सारें एकच झालें. पुतण्यानें चाक धरून ठेवलें आणि ब्रेक दाबला. गाडी थांबली तेव्हां कोणी बोललें नाहीं. मीं विजेरी घेऊन खालीं उतरून पाहिलें, तर डावें चाक डांबर सोडून मुरमावर आलें होतें आणि कठडा तेथून चार हातांवर होता. वहिनींनीं धाकट्या नातीला जवळ ओढून घेतलें आणि एवढेंच म्हणाल्या, “भाऊजी, मुलांना झोंप लागली आहे. हळू बोला.”

पुतण्यानें बटण चारदां ओढलें, ढकललें. पायानें डिपर दाबला. कांहीं नाहीं. बाजूचे लहान दिवे मात्र लागलेले होते. डॅशबोर्डाजवळ जळक्या बॅकेलाइटचा मंद वास येत होता. पाव तासानें पुन्हां बटण ओढलें, तों दिवे आले! पुढें निघालों, आणि पांच मिनिटांनीं पुन्हां गेले. शेवटीं मागून एक एस.टी. आली. तिच्या चालकानें आमची स्थिति पाहून आपली गाडी हळू घेतली, आणि तिच्या मागच्या तांबड्या दिव्यांच्या आधारानें आम्ही घाटमाथा ओलांडून हेळवाकास पोंचलों. त्या गृहस्थाचें नांव विचारावयाचें राहून गेलें, याची रुखरुख अद्यापि आहे.

दुसऱ्या दिवशीं घरीं चौकशी झाली. थोरले बंधु, ज्यांना आम्ही सर्व दादा म्हणतों, पुतण्याला म्हणाले, “रात्रीं घाटांत गाडी नेण्याइतका पोंच तुला नाहीं. डिपरवर पाय वेडावांकडा पडला असेल. ती गाडी आतां विकून टाका.” पुतण्या खालीं मान घालून उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. तो कां बोलला नाहीं, तें पुढें येईल.

गांवांतील एका मिस्त्रीनें गाडी पाहिली, दोन्ही बल्ब बदलले, बॅटरीचीं टोंकें घासलीं आणि पैसे घेतले. दुसऱ्यानें सगळी वायरिंग नवी घालावी लागेल असें सांगितलें. दोघांनींही दोष कोठें आहे हें शोधलें नव्हतें. तेव्हां पुतण्याला घेऊन मीच बसलों.

न्यायशास्त्रांत अन्वय आणि व्यतिरेक असे दोन शब्द आहेत. एक असतां दुसरें असतें, हा अन्वय. एक नसतां दुसरें नसतें, हा व्यतिरेक. चाळीस वर्षें मुलांना धूर आणि अग्नि यांच्या उदाहरणानें मीं हें शिकविलें. मोटारीच्या दिव्यांनाही तेंच लागू पडतें, हें साठीनंतर कळलें.

प्रथम विजेची वाट समजून घ्यावी. पाटाचें पाणी जसें एका बांधापासून दुसऱ्याकडे जातें, तशी ही वाट आहे. बॅटरीपासून वीज डॅशबोर्डावरील बटणाकडे येते. बटणाच्या पहिल्या टप्प्यांत बाजूचे लहान दिवे लागतात, दुसऱ्यांत पुढचे मोठे. तेथून एक तार डिपरकडे जाते. आमच्या गाडींत हा डिपर चालकाच्या डाव्या पायाखालीं आहे. डिपर या एका प्रवाहाला दोन वाटा देतो : एक प्रखर प्रकाशाची, दुसरी मंद प्रकाशाची. मग प्रत्येक वाट डाव्या व उजव्या दिव्याकडे विभागते, आणि दिव्यांतून निघालेली वीज गाडीच्या लोखंडी अंगांतून बॅटरीकडे परत जाते. या परतीच्या वाटेला ‘अर्थ’ म्हणतात, आणि कित्येक दोष याच वाटेवर दडलेले असतात.

आतां लक्षणांवरून विचार करावा.

एकच दिवा जात असेल, दुसरा नीट असेल, तर बटणाला दोष देऊं नये. बल्ब, त्याची बैठक, किंवा त्या बाजूचा गंजलेला अर्थ पाहावा. दोन्ही दिव्यांचा प्रखर प्रकाश जात असेल आणि मंद राहात असेल, किंवा याच्या उलट होत असेल, तर डिपर किंवा त्यापुढील तार पाहावी. प्रखर आणि मंद दोन्ही, आणि दोन्ही बाजूंचे, एकदम जात असतील व बाजूचे लहान दिवे चालू असतील, तर चार तंतू एका क्षणीं तुटले असें मानणें हें बुद्धीला पटणारें नाहीं. बाजूचे दिवे लागतात, त्या अर्थीं बॅटरी आणि बटणापर्यंतची वाट ठीक आहे. म्हणजे संशय बटणाच्या दुसऱ्या टप्प्यावर आणि बटणापासून डिपरपर्यंतच्या तारेवर येऊन ठेपतो. आणि दिवे दहा मिनिटांनीं जातात व थंड झाल्यावर परत येतात, त्या अर्थीं तेथें कांहीं तरी तापत आहे. एवढें ज्ञान घाटांतल्या त्या अंधारांतही, बसल्या जागीं, झालें असतें. पण भयानें शास्त्र विसरतें.

संशय हा निर्णय नव्हे. निर्णयासाठीं आम्हीं दोन साधनें घेतलीं. पहिलें, १२ व्होल्टांचा एक लहान बल्ब, त्याला दोन तारा, एकीला चिमटा, दुसरीला सुईसारखें टोंक. चिमटा गाडीच्या स्वच्छ लोखंडाला लावावा आणि टोंक एकेका जागीं टेकवून पाहावें : बटणाच्या आगमनाच्या टोंकाशीं, मग निर्गमनाच्या टोंकाशीं, मग डिपरच्या तिन्ही टोंकांशीं, शेवटीं दिव्याच्या बैठकींत. ज्या दोन जागांमध्यें प्रकाश हरवतो, त्या दोहोंमध्यें दोष. मूळच्या इंग्रजी पद्धतींत तारांचे रंग ठरलेले असत : बॅटरीकडून येणारी तपकिरी, बटणापासून डिपरपर्यंत निळी, प्रखर प्रकाशाची निळी-पांढरी, मंद प्रकाशाची निळी-तांबडी, अर्थाची काळी. परंतु चाळीसपंचेचाळीस वर्षांत कोणत्या मिस्त्रीनें कोणती तार कोणत्या रंगाची घातली याचा भरंवसा नसतो. रंगावर विसंबूं नये, परीक्षेवर विसंबावें.

हा लहान बल्ब एक गोष्ट मात्र सांगूं शकत नाहीं. त्याला वीज इतकी थोडी लागते कीं, अर्धवट जळलेल्या बटणांतूनही ती पुरते, आणि तो निर्वेधपणें उजळतो. यासाठीं दुसरें साधन, मीटर. मोठे दिवे चालू ठेवून मीटरचीं दोन टोंकें बटणाच्या आगमन व निर्गमन अशा दोन जागांना लावावीं. बटण नीट असेल तर व्होल्टाचा एखाददुसरा दशांश दिसतो. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर बटण आजारी आहे. आमच्या मीटरनें १.४ दाखविला.

या आंकड्याचा अर्थ असा कीं, बारांपैकीं १.४ व्होल्ट बटणच खाऊन टाकीत होतें. तंतूच्या दिव्याला व्होल्टेज दहा टक्के कमी मिळालें तर प्रकाश सुमारें तीस टक्के घटतो. आमच्या दिव्यांचा तिसरा हिस्सा प्रकाश रस्त्यावर न पडतां बटणाच्या पोटांत उष्णता होऊन राहात होता. सुमारें १५ अँपिअरला १.४ नें गुणिलें तर २१ वॅट होतात. घरांत डाग देण्यासाठीं जें लहान सोल्डरिंग आयर्न असतें, तें २५ वॅटचें असतें. तेवढा निखारा आगपेटीएवढ्या बटणांत ठेवल्यावर दहा मिनिटांनीं काय होणार?

आतां १५ अँपिअर कोठून आले, तें सांगतों. लिहावयास संकोच वाटतो, पण न लिहिणें अधिक वाईट.

गाडीचे मूळ दिवे ४५ वॅटचे. दोन मिळून ९०. बारांनीं भागिलें तर साडेसात अँपिअर. त्या बटणाला आयुष्यभर एवढेंच ओझें होतें. दोन वर्षांपूर्वीं मला संध्याकाळीं रस्ता अंधुक दिसूं लागला. मीं पुतण्याला सांगितलें, “बाजारांत १०० वॅटचे बल्ब मिळतात, ते घाल.” तो म्हणाला होता, “काका, बटण आणि तारा जुन्या आहेत. घालावयाचे तर रिले घालूं या.” मीं म्हटलें, “अरे, दिवेच लावावयाचे आहेत. यंत्रशाळा काढावयाची नाहीं.” त्यानें निमूटपणें बल्ब घातले. १०० वॅटचे दोन म्हणजे २००. हिशोबानें साडेसोळा अँपिअरहून अधिक. (जुन्या तारा व बटण विजेला अडवितात, म्हणून प्रत्यक्षांत १५ च्या आसपास.) विजेचा प्रवाह दुप्पट झाला तर सांध्यांतली उष्णता दुप्पट होत नाहीं, चौपट होते. आमच्या बाबतींत ती हिशोबानें जवळजवळ पांचपट होते. चाळीस वर्षें इमानानें वागलेल्या बटणावर मीं पांचपट भार टाकला होता.

त्या रात्रीं जेवतांना हें सर्व मीं दादांपुढें सांगितलें. “दोष पोराचा नव्हे, बटणाचाही नव्हे. दोष माझा.” दादा बराच वेळ भात कालवीत राहिले. मग पुतण्याला म्हणाले, “तूं काल बोलला कां नाहींस?” तो म्हणाला, “काकांनीं स्वतः शोधावें असें वाटलें.” दादा हंसले नाहींत, पण वहिनींना म्हणाले, “त्याला तूप वाढ.” आमच्या घरीं याचा अर्थ सर्वांना कळतो.

आतां उपाय. क्रमानें करावा.

हातांतील घड्याळ, अंगठी, बांगड्या काढून ठेवाव्या. बॅटरीची अर्थाची तार आधीं सोडावी आणि काम संपल्यावर तीच शेवटीं लावावी; त्या काळच्या कित्येक इंग्रजी धाटणीच्या गाड्यांत पुढच्या दिव्यांच्या वाटेवर फ्यूज नसतो, म्हणून चुकून एखादा पान्हा टेकला तर तारच पेटते. प्रत्येक तारेला कागदाची चिठ्ठी बांधून ती कोठली तें लिहावें. स्मरणशक्तीचा गर्व करूं नये. बटणाची मूठ कोठें आट्याची असते, कोठें तिच्या बाजूला बारीक छिद्र असतें आणि त्यांतून आंतली स्प्रिंगची खुंटी दाबली कीं मूठ निघते. मग बाहेरची चकती सोडवून बटण मागच्या बाजूनें काढावें.

बटण उघडतां आलें तर आंतले तांब्यापितळेचे स्पर्शबिंदु पाहावे. नुसते काळवंडले असतील तर अगदीं बारीक पॉलिश-कागदानें हलकेंच पुसावे. कानस लावूं नये, कारण स्पर्शबिंदूंचा पातळ थर एकदां गेला कीं ते पुन्हां लवकर जळतात. स्पिरिटानें धुवावें, स्प्रिंगचा जोर पाहावा, आणि पेट्रोलियम जेलीचा अगदीं पातळ हात द्यावा. परंतु धातु धरणारी बॅकेलाइटची किंवा फायबरची पट्टी कोळशासारखी झाली असेल, किंवा स्प्रिंग तापून मऊ पडली असेल, तर मोह टाकावा आणि नवें बटण घालावें. आमची पट्टी बोटानें दाबतांच कुसकरली. तारेचें टोंकही करपलें होतें. तेवढा तुकडा कापून, चांगलें तांबें लागेपर्यंत मागें जाऊन, नवें टोंक बसविलें. बटण नवें आणि टोंक जुनें ठेवलें तर तोच रोग महिन्याभरांत परत येतो.

पायाखालचा डिपर त्याच वेळीं काढून पाहावा. वाहणांबरोबर आलेली माती आणि पावसाचें पाणी त्याच्या उरावर वर्षानुवर्षें पडत असतें. आमच्या डिपरमधून चमचाभर माती निघाली. तसेंच दोन्ही दिव्यांच्या अर्थाच्या जागा चकाकेपर्यंत घासाव्या.

यानंतर रिले. नांवाला बिचकूं नये. रिले म्हणजे एक लहान विद्युच्चुंबक आणि त्यानें ओढला जाणारा एक भक्कम स्पर्शबिंदु. मोठ्या वाड्यांत यजमान स्वतः दार उघडावयास जात नाहीं, गड्याला खूण करतो, तसें हें आहे. बटणानें फक्त खूण करावयाची. त्याला अँपिअरच्या पांचव्या हिश्शाइतकी वीज पुरते. जड काम रिले करतो. त्याच्या चार टोंकांवर आंकडे असतात. ३० या टोंकाला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली जाड तार, ८७ पासून दिव्यांकडे जाणारी, ८५ अर्थाला, आणि ८६ ला डिपरकडून आलेली जुनी तार. प्रखर प्रकाशाला एक आणि मंद प्रकाशाला एक, असे दोन रिले. जाड तार अडीच चौरस मिलिमीटरची घ्यावी, आणि प्रत्येक रिलेचा फ्यूज वेगळा, १५ अँपिअरचा. म्हणजे एक गेला तरी दुसरा प्रकाश हातीं राहतो. हें काम स्वतः जमत नसेल तर मिस्त्रीकडून करवून घ्यावें, पण तो कोणती तार कोठें लावतो हें शेजारीं उभें राहून पाहावें.

आम्हीं १०० वॅटचे बल्ब काढले आणि सामान्य ६०/५५ चे हॅलोजन घातले. त्यांच्या कांचेला उघडें बोट लावूं नये; हाताच्या तेलाच्या डागाशीं कांच अवाजवी तापते. कोणी एल.ई.डी. घाला असेंही सुचविलें. त्यांना वीज कमी लागते हें खरें. पण जुन्या दिव्याचा आरसा तंतूच्या जागेसाठीं घडविलेला असतो, आणि त्यांत भलताच बल्ब घातला तर प्रकाश विस्कटून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. आपल्याला दिसावें म्हणून दुसऱ्याला आंधळें करणें हा धर्म नव्हे.

वाटेंत दिवे गेले तर? वेग उतरवीत, चाक न हिसडतां, डाव्या बाजूला थांबावें. बाजूचे दिवे चालू ठेवावे, मागें चार पावलांवर नव्हे, चांगलें दूर, चकाकणारा त्रिकोण ठेवावा, आणि माणसांना गाडीपासून बाजूला, कठड्याच्या सुरक्षित अंगाला बसवावें. थंड झाल्यावर दिवे परत आले तर तो रोग बरा झाला असें समजूं नये. तो मुदतीचा ताप आहे, पुन्हां येणार. विजेरीच्या उजेडांत घाट चढण्याचें धाडस करूं नये. आणि जुनी गाडी असेल तर पावसाळ्याच्या तोंडाशीं अंगणांत एकदां वीस मिनिटें मोठे दिवे चालू ठेवून बटणाला हात लावून पाहावा. कोंबट असेल तर चिंता नाहीं. हात ठेववत नसेल तर बैल विकावयाचा कीं औषध द्यावयाचें हें त्याच दिवशीं ठरवावें.

आतां आमच्या मीटरवर ०.१ दिसतो. गाडी विकली नाहीं. गेल्या महिन्यांत पुतण्या दादांना घेऊन रात्रीं पांचगणीहून पसरणी घाट उतरून आला, आणि दादांनीं वाटेंत डुलकी काढली असें वहिनी सांगतात.

एक सांगावयाचें राहिलें. बल्ब पूर्ववत् झाल्यावर मला संध्याकाळीं रस्ता पुन्हां अंधुक दिसूं लागला. तेव्हां सुनेच्या आग्रहावरून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलों. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदु निघाला. पुढच्या महिन्यांत उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया आहे. दोन वर्षें मी दिव्यांत दोष शोधीत होतों, आणि व्यतिरेकाची सोपी परीक्षा, म्हणजे शेजारीं बसलेल्या तरुणाला “तुला रस्ता दिसतो का?” असें विचारणें, मला सुचली नव्हती.

असो. शस्त्रक्रियेमुळें पुढील अंकीं हें सदर कदाचित् पुतण्याच्या हातचें असेल. वाचकांनीं त्याचें सांभाळून घ्यावें. तो माझ्याहून कमी बोलतो, पण आधीं बोलतो.